पडद्याच्या मागचा चहा

श्रीवर्धनला जाणारी बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर तांब्याची किटली होती, पायाशी चहाच्या पुड्यांचं खोकं होतं आणि शेजारी अखंड बोलणारा नवरा होता. तिन्हींपैकी एकही मला बाजूला ठेवता येत नव्हतं.

हे कसं घडलं ते आधी सांगते. आमचे हे गिरगावातल्या एका सिनेमागृहात पडद्याशेजारी उभं राहून मुक्या चित्रांची गोष्ट सांगत असत. राजाचा आवाज वेगळा, राणीचा वेगळा, घोड्याच्या टापासुद्धा तोंडाने काढायचे. लोक चित्रापेक्षा ह्यांना ऐकायला येतात, असं ह्यांचं मत होतं आणि थोडंफार ते खरंही होतं. मग बोलपट आले. पडदाच बोलायला लागल्यावर ह्यांचं बोलणं कुणाला हवं होतं? वर्षभर हे घरात बसून मला आणि शेजाऱ्यांना गोष्टी सांगत राहिले. अशात मुंबईच्या एका चहा कंपनीला खेड्यापाड्यांतून चहाची जाहिरात करायला माणूस हवा असल्याचं कळलं. कंपनीचं जाहिरातीचं चित्र मुकं होतं, त्यामुळे बोलणारा लागणारच होता. हे धावत गेले. एक फेरी परीक्षेची, शेवटचा खेळ कंपनीचे इन्स्पेक्टर टिपणीस स्वतः बघणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं ठरलं.

बायकांत बसून चहा करून दाखवायला कंपनीने एक बाई नेमल्या होत्या. त्या आयत्या वेळी आजारी पडल्या. ह्यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं आणि घरी येऊन सांगितलं, की तुला कोकण बघायचंच होतं ना. मी असं कधी म्हटलं होतं ते मला आजही आठवत नाही.

बोटीवर ह्यांनी भाषणाची तालीम सुरू केली. रेवदंडा मागे पडलं, मुरूडजवळ जंजिऱ्याचा किल्ला पाण्यातून वर आला, डेकवरची सगळी माणसं कठड्याशी गेली. आमचे हे मात्र एका झोपलेल्या व्यापाऱ्याला चहाने मेंदू कसा तरतरीत होतो ते समजावून सांगत होते. एक डोळा उघडून तो गुजरातीत काहीतरी पुटपुटला आणि त्याने कूस बदलली.

श्रीवर्धनला बोट धक्क्याला लागत नाही. लांब उभी राहते आणि माणसं पडावात (किनाऱ्यापासून बोटीपर्यंत ने-आण करणाऱ्या मोठ्या होडीत) उतरतात. समुद्र शांत होता, पण शांत समुद्रातही होडी हलतेच. ह्यांनी चित्राच्या रिळांचे दोन्ही डबे डोक्यावर धरले, यंत्राची पेटी दोघा खलाशांकडे दिली आणि मला मागे वळून सांगितलं, “साखर सांभाळ गं.” साखरेचं पोतं तोवर पडावाच्या तळात साचलेल्या पाण्यात जाऊन बसलं होतं. मी गुडघाभर पाण्यातून, लुगडं सावरत, किटली डोक्यावर घेऊन किनाऱ्याला लागले. मागून ते पोतं आलं. त्यातून खारट पाक गळत होता.

पहिला खेळ श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात होता. सुकत घातलेले बोंबील बाजूला सारून लोकांनी जागा केली. पडदा दोन डोलकाठ्यांना बांधला. यंत्राचं हँडल हे स्वतःच फिरवायचे आणि फिरवता फिरवता बोलायचे. आमच्या चित्राची गोष्ट अशी: एक कारकून कचेरीत डुलक्या काढतो, साहेबाची बोलणी खातो, घरी येऊन बायकोवर डाफरतो. शेजारीण बायकोला चहाची पुडी देते. बायको चहा करते, कारकून पितो, हसतो, दुसऱ्या दिवशी भराभर काम उरकतो आणि बढती मिळवतो. शेवटी घरी पाहुणे येतात, बायको सगळ्यांना चहा देते आणि पडदाभर एक वाफाळलेला कप दिसतो. ह्यांनी कारकुनाचं नाव गोविंदराव ठेवलं होतं आणि साहेबाला घोगरा आवाज दिला होता. ह्या चित्रानंतर सगळ्यांना फुकट चहा, आणि चहानंतर एक पडापडीचं विनोदी रीळ. लोक त्या रिळासाठी येत, हे पहिल्याच दिवशी मला कळलं. ह्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

साखरेचा पाक झाल्यामुळे मी चहात गूळ घातला. कंपनीचा नियम होता की पाणी उकळून पुडीवर ओतायचं, झाकायचं, थांबायचं; पुडी उकळायची नाही. कोळणी माझ्याभोवती बसल्या आणि मी थांबलेली बघून अस्वस्थ झाल्या. एकीने विचारलं की ह्याला उकळी का आणत न्हाय. मी नियम सांगितला. ती म्हणाली की मुंबईची मानसं घाईची असतात, म्हनून कच्चंच पितात, आणि किटली उचलून परत चुलीवर ठेवली. गुळाचा, भरपूर उकळलेला तो चहा सगळ्यांना फार आवडला. पुरुषांपैकी एका म्हाताऱ्याने मात्र ह्यांना विचारलं की तो गोविंदराव मासे खात न्हाय काय, म्हनून थकतो. ह्यांनी त्यावर बराच वेळ उत्तर दिलं. तोवर म्हातारा झोपला होता.

तिथून बैलगाडीने बोर्ली पंचतनला निघालो. रस्ता डोंगरातून, दोन्हीकडे जंगल, धूळ इतकी की किटलीचं तोंडही मी फडक्याने बांधलं. गाडीवान बैलांशी बोलत होता, हे गाडीवानाशी बोलत होते. मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. एका उतारावर गाडी कलंडली आणि निम्मे कप फुटले. हे उतरून आधी यंत्र बघायला धावले. माझ्या कोपराला खरचटलं होतं, ते संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं आणि मग त्यांनी इतकी हळहळ केली की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

बोर्लीला बाजार होता. चांगली गर्दी मिळणार म्हणून हे खुशीत होते, पण बाजारात चहाचं दुकान आधीपासून होतं. दुकानदार हात जोडून पुढे आला. तुम्ही फुकट चहा पाजाल आणि उद्या निघून जाल, माझ्याकडे कोण येईल, असं त्याचं म्हणणं. आम्ही चहाचाच प्रचार करतोय, म्हणजे तुमचाच, असं हे त्याला पटवू लागले. त्याला ते पटेना, आणि मला ते पटवणं ऐकवेना. शेवटी मी ठरवलं की चहा त्याच्याच दुकानात, त्याच्याच चुलीवर करायचा, पुडी आमची, दूध त्याचं, आणि दुधाचे पैसे आम्ही द्यायचे. तो तयार झाला. हे मला बाजूला घेऊन म्हणाले की कंपनीला हे चालेल का ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघा.

टिपणीस आम्हाला बोर्लीतच भेटले. म्हसळ्याहून मोटारीने आले होते. शांत, नीटनेटके गृहस्थ. कमी बोलत आणि दुसऱ्याला बोलू देत, त्यामुळे ह्यांना ते अतिशय आवडले. रात्रीच्या जेवणात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. ह्यांनी भाकरी हातात धरून चहाच्या प्रचारावर जे काही सांगितलं, ते संपेपर्यंत भाकरी वाळून कडक झाली.

शेवटचा खेळ दिवेआगरला. गाव म्हणजे एका लांब वाडीत (नारळी-पोफळीच्या बागेत) लपलेली घरं. पाटाच्या पाण्याची झुळझुळ, वर पोफळींची सळसळ, आणि वाडी संपली की एकदम मोकळा समुद्र. इतक्या दिवसांत तिथे पहिल्यांदा मला बरं वाटलं. आम्ही उतरलो ते घर द्वारकाकाकूंचं. काकू विधवा होत्या, वाडीचा सगळा कारभार त्या पाहत. गावातला शब्द मात्र त्यांच्या दिरांचा, अण्णांचा. काकूंनी आम्हाला घावन आणि नारळाचा गोड रस वाढला. ह्यांनी घावन खाताना तोंड बंद ठेवलं. हे मी त्या प्रवासातलं आश्चर्य म्हणून नोंदवून ठेवते.

अण्णांनी जागा दिली, पण अट घातली. पुरुष पडद्याच्या पुढे बसतील, आमच्या घरच्या बायका पडद्याच्या मागून बघतील. पडदा ओला केला की चित्र मागूनही दिसतं, हे त्यांना माहीत होतं. ह्यांनी लगेच हो म्हटलं. मला कंपनीने बायकांसाठी पाठवलं होतं, म्हणून मी मागे बसले.

मागून चित्र उलटं दिसतं. गोविंदराव डाव्या हाताने लिहीत होता आणि चित्राच्या मधूनमधून येणारी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. त्यातच समुद्राचा वारा पुढून येत नव्हता, मागून पुढे जात होता, त्यामुळे ह्यांचा आवाज आमच्यापर्यंत पोचेना. पुढे पुरुष हसत होते आणि मागे बायका एकमेकींना विचारत होत्या, काय झालं म्हणून. काकू म्हणाल्या, “अगो, तू सांग की. तुला ठाऊक आहे ना?” मला सगळं पाठ होतं, नवऱ्याच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणता आलं असतं. मी सांगू लागले. आवाज बदलले नाहीत, नुसतं सांगितलं. ही बायको, हा तिचा नवरा, हा कचेरीतून चिडून आला, ही घाबरली, ही चहा करतेय.

वाडीतल्या बायका पडद्याजवळ होत्या. त्यांच्यापासून जागा सोडून, मागे, गावच्या कोळीवाड्यातल्या काही जणी बसल्या होत्या. त्यांतली हिरू नावाची एक बाई शेवटच्या पाहुण्यांच्या प्रसंगात उठून उभी राहिली. चित्रातली बायको सगळ्यांना कप देत होती, सगळे पीत होते. हिरूने विचारलं, “ती बाय कवा पिते?”

मी ते चित्र किती वेळा पाहिलं होतं! पडद्यावर तो मोठा वाफाळलेला कप आला आणि चित्र संपलं. मी म्हणाले, “ती पीत नाही गं. संपलं चित्र.”

माझ्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. चित्र काढणाऱ्यांवर, कंपनीवर, आणि त्या चित्रात इतके दिवस जीव ओतून बोलणाऱ्या माझ्या नवऱ्यावरही.

मग चहा वाटायची वेळ झाली. आधी पुरुषांना, ह्या नियमाप्रमाणे दूध आणि कप पुढे गेले. मी चहा करत होते, दोन माणसं पुढे नेत होती. पुढे गर्दी जास्त, त्यात कप कमी उरलेले. मागे न्यायला मी किटली उचलली तेव्हा दूध संपलं होतं. पुढून आवाज येत होते की आता गमतीचं रीळ लावा. हे यंत्राशी उभे राहून रीळ चढवत होते.

मी पडद्याला वळसा घालून पुढे गेले. एवढ्या पुरुषांसमोर असं जाणं मला आजवर जमलं नव्हतं, आणि जमेल असं वाटलंही नव्हतं. पण चिडलेल्या माणसाला पाय कुठे नेतात ते कळत नाही. मी ह्यांना म्हणाले, “बायकांना चहा मिळालेला नाही. तो मिळेपर्यंत रीळ लावू नका.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीवर बसलेल्या टिपणीसांकडे. टिपणीस म्हणाले की दूध संपलं असेल तर इलाज नाही, लोकांना ताटकळत ठेवू नका, लावा. अण्णाही म्हणाले की बायकांचं नंतर बघू, घरात करतील त्या. लोकांनी टाळ्या वाजवून रीळ मागितलं.

मला ठाऊक होतं की ह्या नोकरीवाचून ह्यांचं काय होणार आहे. तो पडद्याशेजारचा माणूस वर्षभर घरात कसा बसला होता ते मी पाहिलं होतं. ह्यांनी यंत्राचं हँडल फिरवायला हात घातला, हँडल उपसून काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं.

“हँडल सापडत नाही, साहेब,” हे म्हणाले. “शोधायला थोडा वेळ लागेल.”

एवढंच. भाषण नाही, वेगळा आवाज नाही.

मी मागे धावले. काकूंनी सुनेला घरी पाठवलं होतं. ती दुधाची कासंडी घेऊनच आली. कप कमी पडले म्हणून घरातल्या वाट्या, फुलपात्री, कोळणींकडे होत्या त्या करवंट्या, मिळेल ते घेतलं. अंधारात दिसेना, म्हणून काकूंनी गॅसबत्ती आणवून आमच्या पाठीमागे नारळाला टांगली. मी पाणी ओतलं, झाकलं, आणि श्रीवर्धनच्या त्या बाईची आठवण होऊन पुन्हा चुलाणावर चढवलं.

पुढचा गलका हळूहळू थांबला. मला वाटलं, लोक कंटाळून गेले. नंतर ह्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. गॅसबत्ती मागे, आम्ही मध्ये आणि पुढे ओला पडदा. आमच्या सगळ्यांच्या सावल्या पडद्यावर पडल्या होत्या, आणि पुढचे पुरुष त्या बघत होते. किटली ओतणारी मी, वाटी दोन्ही हातांनी धरलेल्या काकू, फुंकर घालणाऱ्या सुना, डोकं मागे टाकून पिणारी हिरू. वाफसुद्धा दिसत होती. कोण कुणापासून किती जागा सोडून बसलंय ते पडद्यावर कळत नव्हतं. सगळ्या एकाच ओळीत दिसत होत्या. पुढून कुणीतरी हळूच म्हणालं की ती नाकावरून माझी आईच हाय. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं की हिला मी कधी बसून काही पिताना बघितलीच न्हाय.

अण्णा उठले. पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले की ती बत्ती काढा तिथून. आम्हाला तोवर काही ठाऊक नव्हतं. काकूंनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं, “राहू दे हो बत्ती, अण्णा. चहा गरम आहे, अंधारात सांडेल.” आणि त्या पीत राहिल्या. अण्णा परत खाली बसले.

आमचा चहा संपल्यावर हँडल सापडलं. गमतीचं रीळ झालं, लोक हसले. पण मला वाटलं, थोडं कमी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीला खाडीच्या काठावर टिपणीस आम्हाला पोचवायला आले. त्यांनी मलाच बोलावलं. म्हणाले की बाई, कालचा बेशिस्तपणा मला पसंत नाही, पण बायकांत तुमचं काम मी बारीक बघितलंय, मागे येऊन ऐकलंही. पुढच्या हंगामापासून तुम्हाला कायम घेऊ. मी ह्यांचं विचारलं. ते म्हणाले की कंपनी आता जाहिरातीचंही बोलतं चित्र काढतेय. पुरुषांपुढे बोलायला माणूस लागणार नाही.

ह्यांनी हे ऐकलं. पेटीची दोरी बांधत होते, ती बांधत राहिले.

मी म्हणाले, “यंत्र हेच चालवतील. नाहीतर मी येणार नाही.” टिपणीसांनी विचार करून सांगितलं की ऑपरेटर म्हणून घेता येईल, पण भाषण बंद. ह्यांनी मान डोलावली.

दिघीहून पडावाने आम्ही मुंबईच्या बोटीवर चढलो. पुन्हा जंजिरा आला, पुन्हा माणसं कठड्याशी गेली. हे एका पेटीवर बसून समुद्राकडे बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. सगळा प्रवास मी ह्यांच्या गप्प बसण्याची वाट बघितली होती. आता ते गप्प बसले, तर मला ते सहन होईना. मी म्हटलं, किल्ला बघा. बघितला, म्हणाले. मी म्हटलं, हँडल काढलंत ते चांगलं केलंत. त्यांनी पेटीच्या दोरीची गाठ चाचपून बघितली. रेवदंड्याच्या पुढे मी चिडून विचारलं की तुम्हाला ही नोकरी नको असेल तर तसं सांगा. तेव्हा म्हणाले, “हवी आहे गं. मुकं काम आहे, एवढंच. थोडी सवय करतोय.”

गिरगावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अंग मोडून गेलं होतं. मी किटली कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकले. शेजारीपाजारी जमले, कोकण कसं होतं विचारू लागले. मी तोंड उघडायच्या आत हे उभे राहिले. आणि सुरू झाले. श्रीवर्धनला समुद्र खवळला. तो खवळला नव्हता. बोर्लीच्या जंगलात वाघाने डरकाळी फोडली. वाघ नव्हता, गाडीवान बैलांवर ओरडला होता. अण्णांना घोगरा आवाज दिला, टिपणीसांना नाकातला. हिरूचा प्रश्न तिच्याच बोलीत विचारला, आणि काकूंचं उत्तर इतक्या हळू आवाजात दिलं की खोलीतल्या बायका पुढे सरकल्या. मग माझी पाळी आली. एवढ्या पुरुषांसमोर चालत गेलेली मी, माझा आवाज, माझा राग. मी तशी बोलले नव्हते. त्यांच्या तोंडून मी फार धीट वाटत होते.

हँडल खिशात टाकल्याचा भाग त्यांनी सांगितलाच नाही. यंत्र बिघडलं, असं म्हणाले आणि पुढे गेले.

कोकणात काय पाहिलं असं कुणी विचारलं तर ते ह्यांच्याकडूनच ऐकावं, ते त्यात वाघ घालतील. मी हे लिहून ठेवलं ते त्या गाळलेल्या भागासाठी. त्या संध्याकाळी मला त्यांना मध्येच थांबवून तो सांगायचा होता. ओठांपर्यंत आलाही होता. पण वर्षभरानंतर आमची खोली त्यांच्या आवाजाने अशी भरली होती, की मी भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि कुठेही, वाघापाशीसुद्धा, त्यांना दुरुस्त केलं नाही.